घरगुती बिअरच्या नळ्यांची सफाई : कृती व परिभाषा

एखादी यंत्रविषयक कृती मराठीत लिहावयास घेतली म्हणजे भाषेची खरी कसोटी लागते. ललित वाङ्मयात शब्द थोडा सैल पडला तरी रसहानीपलीकडे सहसा काही होत नाही. कृतिलेखनात मात्र शब्द सैल पडला तर हात भाजतो, क्वचित त्याहूनही वाईट घडते. प्रस्तुत लेखात अशाच एका लहानशा कृतीचा विचार करावयाचा आहे. घरी तयार केलेली बिअर पिंपातून तोटीपर्यंत ज्या नळीतून येते, ती नळी कशी साफ करतात, त्या सफाईमागील कारणे कोणती, आणि ती मराठीत सांगताना कोणते शब्द फसवे ठरतात, हे तीन प्रश्न येथे क्रमाने घेतले आहेत.

विषय आपल्याकडचा नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमान्वये आपल्या राज्यात परवान्यावाचून मद्यनिर्मिती करता येत नाही. घरगुती बिअरचा छंद रूढ झाला तो ब्रिटन, अमेरिका आदी देशांत. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करण्यास परवाना लागे. ती अट १९६३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने या छंदास मोकळीक दिली ती १९७८ मध्ये संमत झालेल्या आणि १९७९ च्या फेब्रुवारीत अमलात आलेल्या दुरुस्तीने. तथापि, पुण्यामुंबईच्या ज्या परवानाधारक पेयगृहांत बिअर जागेवरच तयार होते, तेथील नळ्यांचे रसायन हेच आहे. आणि परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसास हा छंद जडण्यास कायद्याची आडकाठी नाही. म्हणून हा विषय आपल्या भाषेच्या कक्षेबाहेरचा मानण्याचे कारण नाही.

१. रचना

घरगुती मांडणीत बिअरचे पिंप बहुधा पोलादाचे आणि सुमारे १९ लिटरचे असते. ही पिंपे मुळात सरबतवजा शीतपेयांसाठी बनविलेली. ती पुढे छांदिष्टांच्या हाती आली. पिंपाच्या झाकणाशेजारी दोन तोंडे असतात. एका तोंडातून कार्बन डाय-ऑक्साइड वायू आत येतो. दुसऱ्या तोंडास पिंपाच्या तळापर्यंत गेलेली उभी नळी जोडलेली असते व वायूच्या दाबाने तिच्यातून बिअर वर चढते. तेथून प्लॅस्टिकच्या लवचीक नळीतून ती तोटीकडे जाते. या नळीचा आतील व्यास पुष्कळदा एका इंचाचे तीन षोडशांश, म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटर, असतो व लांबी दहा फुटांच्या आसपास असते. नळी इतकी अरुंद व लांब ठेवण्याचे कारण असे की, तिच्यातील घर्षणाने दाब हळूहळू उतरावा आणि पेल्यात फेसाऐवजी बिअर पडावी.

याच अरुंदपणात सफाईच्या प्रश्नाचे मूळ आहे. दहा फूट लांबीच्या अशा नळीत अवघी ५४ मिलिलिटर बिअर मावते; पण तिला वेढणाऱ्या आतील भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे नळीतील प्रत्येक मिलिलिटर बिअरीस आठांहून अधिक चौरस सेंटिमीटर भिंत लागून असते. पिंपात हेच प्रमाण चौरस सेंटिमीटरच्या पंचमांशाच्या आसपास येते. तात्पर्य, बिअर नळीत असताना तिचा भिंतीशी येणारा संबंध पिंपातल्यापेक्षा जवळजवळ चाळीसपट निकट असतो. पिंप कितीही लखलखीत ठेवले तरी नळी अस्वच्छ असेल तर पेल्यातली चव नळीचीच येते.

२. नळीत काय साचते

नळीत साचणारा मळ एकजिनसी नसतो. त्याचे तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग सेंद्रिय मळाचा. बिअर ही मोड आणलेल्या जवाच्या अर्कात हॉप नावाच्या वेलीची फुले उकळून, तो अर्क किण्वाने आंबवून करतात. त्यामुळे तिच्यात प्रथिने, हॉपची कडू राळ आणि किण्वाच्या पेशी असतात. यांचा पातळ चिकट थर भिंतीस धरतो.

दुसरा वर्ग खनिज मळाचा. जवातील ऑक्झॅलिक आम्ल आणि पाण्यातील कॅल्शियम यांच्या संयोगाने कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, अल्कातही विरघळत नाही. त्याचा करडा-पिवळसर, खरखरीत थर कालांतराने बसतो. इंग्रजीत त्यास ‘बिअरचा दगड’ अशा अर्थाचे नाव आहे. मराठीत आपण त्यास ‘बिअरखडा’ म्हणू शकतो, आणि ही केवळ शब्दाची सोय नव्हे. मूतखडा म्हणून आपण ज्यास ओळखतो तोही बहुतांश वेळा कॅल्शियम ऑक्झॅलेटचाच असतो. दोन्ही ठिकाणी पदार्थ एक, घडण एक. तेव्हा ‘खडा’ हे उत्तरपद येथे अगदी यथार्थ ठरते.

तिसरा वर्ग जिवंत मळाचा. लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस हे जिवाणू प्राणवायूवाचून वाढतात. ते बिअरीस आंबटपणा आणतात, आणि डायॲसिटिल या द्रव्यामुळे तिला लोण्यासारखा वास येतो. ॲसिटोबॅक्टर या जिवाणूस प्राणवायू हवा असतो. म्हणून तो हवेशी संबंध येणाऱ्या तोटीच्या टोकाशी ठाण मांडतो व मद्यार्काचे शिरक्यात रूपांतर करतो. लुई पाश्चर याने बिअरीच्या अशा बिघाडांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून १८७६ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून या दोषांचे कारण सजीव आहे याविषयी शंका उरलेली नाही.

हे जिवाणू भिंतीवर सुटे बसत नाहीत. ते स्वतःभोवती शर्करामय चिकट द्रव्य स्रवून त्याच्या आश्रयाने वसाहत करतात. या वसाहतीस जैवपटल म्हणतात. आपल्याकडे विरजणाचा जो व्यवहार तोच येथे नकळत चालू राहतो. भांड्याच्या कडेस राहिलेल्या दह्याच्या बोटभर थराने जसे नवे दूध नासते, तसे जुन्या नळीतले विरजण प्रत्येक नव्या पिंपातील बिअरीस लागत जाते. गृहस्थ बिअर करण्याची कृती बदलून पाहतो, किण्व बदलून पाहतो. दोष मात्र त्याच्या कृतीत नसून त्या जेमतेम पाच मिलिमीटरच्या पोकळीत असतो.

३. राख, चिंच आणि आच

वरील तीन प्रकारच्या मळांस तीन वेगवेगळे उपाय लागतात. हे तत्त्व आपल्या जुन्या स्वयंपाकघरास अपरिचित नव्हते. तेलकट भांडे राखेने घासत, तांब्याचा हंडा चिंचेने उजळीत, आणि दुधाची चरवी शेवटी आचेवर तापवून ठेवीत. राखेत अल्क असते. ते स्निग्ध व चिकट द्रव्यांस सोडविते. चिंचेत आम्ल असते. ते धातूवरील व खनिज थरांस विरघळविते. आच जे जिवंत असेल त्याचा नाश करते. एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही: राखेने तांबे उजळत नाही आणि चिंचेने तुपाचा ओशटपणा जात नाही.

बिअरच्या नळीस हेच तीन उपाय निराळ्या रूपात लागू होतात. सेंद्रिय मळासाठी दाहक सोड्याचे, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचे, सौम्य द्रावण वापरतात. ते प्रथिनांचे विघटन करते आणि हॉपच्या आम्लधर्मी राळेस विद्राव्य लवणाचे रूप देऊन पाण्यात उतरविते. बिअरखड्यासाठी फॉस्फोरिक किंवा तत्सम आम्लाचे द्रावण लागते. उरलेल्या जंतूंसाठी, नळी आचेवर धरता येत नसल्यामुळे, जंतुशामक द्रावण वापरतात. घरगुती व्यवहारात हे द्रावण बहुधा फॉस्फोरिक आम्ल व फेसाळ पृष्ठक्रियाकारक यांचे असून ते भांड्यास लावल्यावर धुऊन काढावे लागत नाही.

या तिहींचा क्रम उलटवता येत नाही. जंतुशामक द्रावण जैवपटलात आत शिरत नाही. वरच्या थरातील जंतू मरतात, खालचे सुरक्षित राहतात व पुन्हा वाढतात. २०२० च्या साथीत सॅनिटायझर हा शब्द घरोघरी पोचला, त्याबरोबर हा अनुभवही पोचला: मळलेल्या हातांस सॅनिटायझर चोळून उपयोग नाही, आधी साबण लागतो.

४. कृती

अमेरिकेतील बिअर-व्यवसायाच्या मार्गदर्शक पुस्तिकेनुसार नळ्यांची अल्कसफाई दर १४ दिवसांनी आणि आम्लसफाई दर तीन महिन्यांनी करावयाची असते. ब्रिटनमधील पेयगृहांत आठवड्यास एकदा सफाई करण्याचा प्रघात आहे. घरी तोटी रोज वाहत नसल्याने बिअर नळीत अधिक काळ पडून राहते; म्हणून घरगुती मांडणीस यात सवलत मिळण्याचे कारण नाही. निदान प्रत्येक पिंप संपल्यावर सफाई झालीच पाहिजे.

प्रथम पिंपाचा संबंध तोडून, दाब उतरवून नळीतील बिअर काढून टाकावी आणि साधे पाणी स्वच्छ येईपर्यंत नळी विसळावी. मग २ ते ३ टक्के अल्कद्रावण २७ ते ४३ अंश सेल्सिअस तापमानास घ्यावे. याहून थंड द्रावणाचे काम मंदावते. हे द्रावण लहान पंपाने नळीतून १५ मिनिटे फिरवीत ठेवावे. पंप नसेल तर नळीत भरून निदान २० मिनिटे राहू द्यावे.

फिरते द्रावण स्थिर द्रावणापेक्षा श्रेष्ठ का, हे समजून घेण्यासारखे आहे. संथ वाहणाऱ्या द्रवाचे थर एकमेकांस समांतर सरकतात आणि भिंतीलगतचा थर जवळजवळ निश्चल राहतो. वेग वाढून प्रवाह खळाळू लागला म्हणजे भिंतीवर प्रत्यक्ष घासण्याचे काम होते. ४.८ मिलिमीटर व्यासाच्या नळीत कोमट द्रावणाचा प्रवाह मिनिटास सुमारे पाऊण लिटर झाला की रेनॉल्ड्स अंक ४००० च्या पलीकडे जातो, म्हणजे प्रवाह खळाळता होतो. अगदी साधा पंपही एवढे काम करतो.

येथे अनेक जण एक चूक करतात. पिंपातच दाहक सोड्याचे द्रावण भरून ते कार्बन डाय-ऑक्साइडच्या दाबाने नळीत ढकलणे सोयीचे वाटते. परंतु तो वायू व दाहक सोडा यांच्या संयोगाने सोडियम कार्बोनेट होते. त्यामुळे द्रावण दुबळे पडते, इतकेच नव्हे तर बंद पात्रातील वायू शोषला जाऊन आत निर्वात होतो. मद्यशाळांतील मोठ्या टाक्या या कारणाने आत चेपल्या जातात. म्हणून पंप वापरावा, किंवा दाहक सोड्याऐवजी सोडियम परकार्बोनेटवर आधारलेले सौम्य अल्क घ्यावे.

अल्कद्रावण फिरवून झाल्यावर नळी पाण्याने धुतलीच पाहिजे, आणि कोठवर धुवावी याचा निर्णय डोळ्याने करता कामा नये. बाहेर येणाऱ्या पाण्याची दर्शक कागदाने परीक्षा करावी. ते नळाच्या पाण्यासारखेच दर्शन देऊ लागले म्हणजे अल्क निघून गेले. तीन महिन्यांनी आम्लसफाई करावयाची ती यानंतर, आणि तिच्यामागोमागही पुन्हा पाणी. अल्क व आम्ल एकत्र आणू नयेत. क्लोरिनयुक्त विरंजक जवळ असल्यास तो आम्लापासून विशेष दूर ठेवावा. दोहोंच्या संयोगाने विषारी क्लोरिन वायू सुटतो.

तोटी दर वेळी सुटी करून तिचे भाग ब्रशाने घासावेत; ॲसिटोबॅक्टरचे ठाणे तेथेच असते. पिंपाच्या तोंडांवरील रबरी कडीही काढून धुवावीत. लवचीक प्लॅस्टिक नळी वर्षास एकदा बदलणे उत्तम, कारण तिच्या भिंतीत वास मुरतात आणि ते कोणत्याही द्रावणाने निघत नाहीत. शेवटी, नवे पिंप जोडण्याच्या आधी जंतुशामक द्रावण नळीतून वाहू द्यावे आणि त्यानंतर येणारी पहिली बिअर पेल्यात न घेता टाकून द्यावी.

५. धोका कोठे आहे

वरील वर्णनावरून वाचकाचा असा समज होण्याचा संभव आहे की, अस्वच्छ नळी आरोग्यास विघातक असते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. मद्यार्क, आम्लता आणि हॉपची कडू द्रव्ये यांमुळे बिअरीत रोगजंतू सहसा तग धरत नाहीत. नळीतले जंतू चव बिघडवितात, माणसास आजारी पाडीत नाहीत. घातक आहे ते सफाईचे द्रावण. ते पाण्यासारखे नितळ दिसते, त्यास विशेष वास नसतो, आणि ज्या तोटीतून बिअर येते त्याच तोटीतून ते येते. सफाई अर्ध्यावर ठेवून गृहस्थ दारावर कोणी आले म्हणून उठतो. तेवढ्यात घरातला दुसरा कोणी तोटी उघडतो. दाहक सोडा घशास व अन्ननलिकेस भाजतो, आणि ती इजा पुढे वर्षानुवर्षे पुरते. पेयगृहांतून अशा दुर्घटना झालेल्या आहेत. ब्रिटनमध्ये काही द्रावणांत मुद्दाम जांभळा रंग ठेवतात, तो पाहणारास नळीत काय आहे हे कळावे म्हणून. ज्याच्या द्रावणास रंग नसेल त्याने तोटीवर चिठ्ठी बांधावी व तोटीपासून हलू नये. द्रावण करतानाही पाण्यात सोडा घालावा, सोड्यावर पाणी ओतू नये. हातमोजे व चष्मा वापरावा. आणि उरलेले द्रव्य कधीही पेयाच्या बाटलीत ठेवू नये.

६. शब्दांची जबाबदारी

आता परिभाषेकडे वळू. इंग्रजीत या व्यवहारात तीन क्रियापदे काटेकोरपणे वेगळी राखली आहेत: एक मळ काढण्याचे, दुसरे जंतूंची संख्या निर्धोक मर्यादेपर्यंत आणण्याचे, तिसरे जंतूंचा समूळ नाश करण्याचे. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते, हा भाषाविज्ञानातील सर्वमान्य सिद्धान्त येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. मराठीत ‘स्वच्छ करणे’ हा एकच शब्द पहिल्या दोहोंवर पसरतो आणि ‘निर्जंतुक करणे’ हा शेवटच्या दोहोंवर. परिणामी मधली पायरी एकदा इकडे, एकदा तिकडे ओढली जाते व क्रमाचे भान सुटते. म्हणून पहिल्या क्रियेस ‘सफाई’, दुसरीस ‘जंतुशमन’ आणि तिसरीस ‘निर्जंतुकीकरण’ अशी योजना करावी असे सुचवावेसे वाटते. ‘शमन’ या पदात समूळ नाशाचा दावा नाही, आणि नळीच्या बाबतीत तसा दावा करताही येत नाही.

याहून घोटाळ्याचा शब्द ‘क्षार’ हा होय. आयुर्वेदात क्षार म्हणजे वनस्पतींच्या राखेपासून काढलेले तीक्ष्ण द्रव्य. यवक्षार तर जवाच्याच राखेपासून काढतात. अरबीतून युरोपात गेलेल्या व आता ‘अल्क’ या रूपाने आपल्याकडे आलेल्या शब्दाचाही मूळ अर्थ वनस्पतींची राख असाच आहे. परंतु आजच्या बोलण्यात ‘विहिरीच्या पाण्यात क्षार फार’ असे आपण म्हणतो तेव्हा आपणास विरघळलेली लवणे आणि त्यांचा बसणारा थर अभिप्रेत असतो. एकाच शब्दाने मळही सांगितला जातो आणि मळावरील उपायही. ‘क्षार काढण्यासाठी क्षाराचे द्रावण वापरावे’ असे वाक्य एखाद्या सूचनापत्रात आले तर ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष, व्यवहारात निरुपयोगी आणि रसायनदृष्ट्या चूक ठरेल. कारण बिअरखड्यावर अल्काची मात्रा चालतच नाही. यास्तव सूचनापत्रातून ‘क्षार’ हा शब्द पूर्णपणे वगळून उपायास ‘अल्क’ व मळास ‘खडा’ म्हणणे श्रेयस्कर.

तिसरा शब्द ‘औषध’. पिकावर फवारतो ते औषध, ढेकणांवर मारतो ते औषध आणि तापावर घेतो तेही औषध, अशी आपली रूढी आहे. ‘नळीत औषध घातले आहे’ हे वाक्य सांगणाराच्या मनात इशारा असतो. ऐकणाराच्या मनात तो तसा उतरेलच असे नाही. चिठ्ठीवर ‘विष’ हाच शब्द असावा.

व्याकरणाचीही येथे मदत होते, तशी अडचणही. ‘घासून, विसळून, तपासून’ या ‘ऊन’-प्रत्ययान्त रूपांत आधीची क्रिया पुरी झाल्यावाचून पुढची नाही, हा अर्थ रूपातच सामावलेला आहे. कृतिक्रम सांगण्यास याहून सोयीची रचना शोधून सापडणार नाही. उलट ‘धुवावी’ हे विध्यर्थी रूप सल्ला व आज्ञा या दोहोंस सारखेच चालते. ‘पेला थंड करावा’ आणि ‘नळी धुवावी’ यांतील पहिले आवडीचे आहे, दुसरे जिवाचे. रूपावरून मात्र तो भेद दिसत नाही. म्हणून जेथे टाळणे घातक आहे तेथे ‘धुतलीच पाहिजे’ अशी रचना योजावी आणि ती तेवढ्याच ठिकाणी योजावी, म्हणजे तिचे वजन टिकेल. वर कृती सांगताना प्रस्तुत लेखकाने ही रचना दोनच ठिकाणी वापरली आहे, ती याच हेतूने.

परिभाषेचा विचार आपल्याकडे बहुधा कोशाच्या अंगाने होतो: परकीय शब्द समोर ठेवावयाचा व त्यास प्रतिशब्द शोधावयाचा. परंतु शब्द एकेकटे वापरले जात नाहीत. ते कोणाच्या तरी हातातील कामाबरोबर वापरले जातात. विद्यार्थ्यांनी एखादी कृती निवडावी, ती प्रत्यक्ष करणाऱ्यांकडून समजून घ्यावी, आणि मग तिचे सूचनापत्र मराठीत लिहून पाहावे. कोठे शब्द कमी पडतो, कोठे एकच शब्द दोन कामे करतो आणि कोठे जुना घरगुती शब्द नव्या शब्दापेक्षा सरस ठरतो, हे त्या एका पानावर जितके स्पष्ट दिसेल तितके प्रतिशब्दांच्या लांबच लांब याद्यांतून दिसणार नाही.